सगळं ठीक आहे म्हणणारी स्क्रिप्ट आणि न टिकणारे मार्क: एका शाळेच्या पेनड्राईव्हचं प्रकरण

तालुक्याच्या गावात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे आणि आजूबाजूच्या तीन-चार शाळांचे कॉम्प्युटर मी वर्षाच्या कराराने सांभाळतो. त्यातल्या एका शाळेत घडलेली ही गोष्ट, पूर्ण लिहून ठेवतोय कारण पेनड्राईव्ह राईट प्रोटेक्ट आहे का, म्हणजे त्याच्यावर लिहायला बंदी आहे का, ते तपासणारी माझी स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) यात साफ चुकली आणि ती का चुकली हे कळायला मला दोन दिवस लागले. ज्यांच्याकडे असल्या स्क्रिप्ट आहेत त्यांनी हे नीट वाचावं अशी मनापासून इच्छा आहे.

शाळेचे भाऊसाहेब, म्हणजे ऑफिसमधले लेखनिक, नववीच्या निकालाचं काम करत होते. तीन तुकड्या, प्रत्येकीत साठच्या आसपास मुलं, शिक्षकांनी कागदावर दिलेले मार्क एक्सेलमध्ये भरायचे. फाइल १६ जीबीच्या पेनड्राईव्हवर, कारण तोच पेनड्राईव्ह मुख्याध्यापकांच्या पीसीला, लॅबमधल्या प्रिंटरवाल्या पीसीला आणि कधीकधी घरी असा फिरायचा. सोमवारी त्यांनी अ तुकडी पूर्ण भरली, सेव्ह केली, बंद करून परत उघडून बघितली, सगळं होतं. मंगळवारी सकाळी येऊन बघतात तर शीट रिकामी. त्यांना वाटलं आपणच सेव्ह करायचं विसरलो असू, निमूट परत अ भरली आणि ब पण भरली. बुधवारी सकाळी दोन्ही गायब. तेव्हा त्यांना शंका आली की दुसऱ्या कोणीतरी जुनी फाइल वर टाकली, म्हणून त्यांनी पेनड्राईव्ह खिशात ठेवायला सुरुवात केली. आणि बुधवारी दुपारी लॅबमध्ये प्रिंट काढायला गेले, तिथे एक दुरुस्ती करून सेव्ह करायला गेले तर मेसेज आला की डिस्क राईट प्रोटेक्टेड आहे. लगेच मला फोन. "सर, सापडलं बघा, पेनड्राईव्हलाच लॉक लागलंय, म्हणून तर माझं काम राहत नव्हतं."

मलाही ते पटलं. आणि इथेच पहिली गडबड झाली.

माझ्याकडे तेव्हा जी स्क्रिप्ट होती ती पंधरा-वीस ओळींची बॅच फाइल होती. ती दोन गोष्टी बघायची. पहिली रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची आतली नोंदवही: एचकेएलएमखाली सिस्टीम, मग करंटकंट्रोलसेट, मग कंट्रोल, आणि त्याच्या आत स्टोरेजडिव्हाइसपॉलिसीज नावाची की. त्यात राईटप्रोटेक्ट नावाची व्हॅल्यू १ असली की त्या पीसीला लावलेल्या कुठल्याच यूएसबी ड्राईव्हवर लिहिता येत नाही, फक्त वाचता येतं. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून, ही सोय आहे. नव्या विंडोजमध्ये ही की मुळात नसतेच, कोणीतरी मुद्दाम बनवावी लागते, त्यामुळे की सापडली नाही तर या बाजूने अडथळा नाही असं धरायचं. दुसरी गोष्ट डिस्कपार्ट, हे विंडोजचंच डिस्क सांभाळायचं टूल. त्यात यूएसबी डिस्क निवडून अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क अशी आज्ञा दिली की रीड-ओन्ली आहे की नाही ते छापून येतं, माझी स्क्रिप्ट त्या छापील मजकुरात येस हा शब्द शोधायची, सापडला तर लॉक आहे, नाही सापडला तर नाही.

लॅबच्या पीसीवर चालवली, उत्तर लगेच मिळालं, रजिस्ट्रीत १. आणि ती की टाकणारा मीच होतो. आदल्या वर्षी लॅबमध्ये शॉर्टकट व्हायरसने धुमाकूळ घातला होता, मुलांच्या पेनड्राईव्हमधली सगळी फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट बनवणारा तो प्रकार, तेव्हा लॅबच्या पीसीवरून कुठल्याही पेनड्राईव्हवर काही लिहिलंच जाऊ नये म्हणून मी सगळीकडे ही की टाकली होती. लॅबच्या मॅडमना सांगितलं होतं पण भाऊसाहेबांना सांगितलं नव्हतं, आणि कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं. प्रिंटरवाल्या पीसीवरची की ० केली, पेनड्राईव्ह काढून परत लावला (हा बदल आधीपासून लावलेल्या ड्राईव्हला लागू होत नाही, नव्याने लावावा लागतो), एक छोटी टेक्स्ट फाइल चाचणी म्हणून कॉपी केली, झाली. स्क्रिप्ट परत चालवली, सगळं ठीक. भाऊसाहेबांना म्हणलं झालं, आता भरा मार्क.

आता मागे वळून बघताना दिसतं की तेव्हाच थांबून एक साधा प्रश्न विचारायला पाहिजे होता. ती की फक्त लॅबच्या पीसींवर होती. भाऊसाहेब मार्क भरत होते ऑफिसच्या पीसीवर, तिथे की नव्हती. मग सोमवार-मंगळवारचं काम गेलं कशाने? आणि दुसरं, राईट प्रोटेक्ट असलेल्या ड्राईव्हवर सेव्ह होतच नाही, मेसेज येतो, माणूस तिथेच अडतो. भाऊसाहेबांना तर ऑफिसात एकदाही मेसेज आला नव्हता, त्यांची फाइल सेव्ह होत होती, परत उघडत होती, आणि रात्रीतून नाहीशी होत होती. ही तक्रार वेगळीच होती. पण समोर एक कारण मिळालं, ते खरं पण होतं, आणि ते मिळाल्यावर आम्ही दोघांनीही बाकीची तक्रार त्याच्याच खात्यात टाकली.

गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास भाऊसाहेब स्वतःच दुकानात आले. चेहरा उतरलेला. बुधवारी दुपारनंतर परत भरलेलं सगळं गुरुवारी सकाळी नव्हतं. हेडसरांनी विचारलं होतं की तीन दिवस तुम्ही नक्की काय करताय, आणि शाळेत तीसेक वर्षं काढलेल्या माणसाला असं विचारलं जाणं म्हणजे काय असतं ते त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तोपर्यंत येऊन गेलं होतं की सेव्ह अ‍ॅज करताना ते दुसरीकडेच कुठेतरी सेव्ह करत असतील. वर्षानुवर्षं लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून ही सवय लागते, आधी माणसावर शंका. पेनड्राईव्ह घेतला, दुकानातल्या पीसीला लावला, उघडला, आणि बुधवारी मी स्वतः टाकलेली चाचणीची टेक्स्ट फाइल शोधली.

ती पण नव्हती.

मग सगळ्या फाइली तारखेप्रमाणे लावल्या. सगळ्यात नवी फाइल मागच्या शनिवारची, दुपारी १ वाजून १० मिनिटांची. शनिवारी सकाळची शाळा असते, मुलं गेल्यावर भाऊसाहेब बसून काम उरकतात, ते त्यांना आठवत होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चार दिवसांत दोन-तीन पीसींवरून त्या ड्राईव्हवर कितीतरी वेळा लिहिलं गेलं होतं आणि त्यातल्या एकाचीही खूण तिथे नव्हती. पेनड्राईव्ह शनिवारी दुपारीच जिथल्या तिथे गोठला होता. भाऊसाहेबांना तेवढं स्क्रीनवर दाखवलं आणि म्हणलं तुमची काही चूक नाही, हे बघा माझी पण फाइल गेली. ते काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले आणि पाणी मागितलं.

आधी डेटा, मग तपास

यापुढे मी ठरवून सावकाश गेलो. असा ड्राईव्ह हातात आला की पहिलं काम त्याच्यातलं आहे ते सगळं बाहेर काढणं, निदान नंतर. दुकानात एक जुना पीसी लिनक्सवर चालतो, त्याच्यावर आपोआप माउंट होणं, म्हणजे लावलेला ड्राईव्ह आपणहून उघडणं, आधी बंद केलं. कारण असं की नुसतं लावल्यावरसुद्धा सिस्टीम ड्राईव्हवर काहीबाही लिहिते, विंडोज ८ पासून तर प्रत्येक पेनड्राईव्हवर सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचं लपलेलं फोल्डर आपणहून बनतं. मग ब्लॉकडेव्ह सेटआरओ ही आज्ञा देऊन कर्नललाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच, सांगितलं की या डिस्कवर काही लिहायचं नाही. म्हणजे ज्या राईट प्रोटेक्शनने आठवडाभर वैताग दिला होता तेच आता मी मुद्दाम लावलं, आणि त्याचा खरा उपयोग इथेच आहे. डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण १६ जीबीची इमेज, म्हणजे बिट-न-बिट नक्कल, काढली, वाचताना एकही एरर आला नाही. इमेजचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे आतला एक बिट बदलला तरी बदलणारा लांबलचक आकडा, काढून वहीत लिहून ठेवला. इमेज दुसऱ्या हार्ड डिस्कवर पण कॉपी केली.

आता ड्राईव्ह मोकळा होता, त्याच्यावर हवे ते प्रयोग करता येणार होते. काढला, परत लावला, कर्नलचा लॉग बघितला. त्यात लिनक्स प्रत्येक यूएसबी डिस्कसाठी एक ओळ छापतं, तिथे लिहिलं होतं राईट प्रोटेक्ट इज ऑफ. ही ओळ येते कुठून ते समजून घेतलं तर पुढचं सगळं समजतं. पेनड्राईव्ह आतून स्कझी नावाच्या जुन्या डिस्कच्या भाषेतच बोलतो. लावल्यावर कॉम्प्युटर त्याला मोड सेन्स नावाची आज्ञा पाठवतो, ड्राईव्ह उत्तरात काही बाइट पाठवतो, त्यातल्या एका बाइटचा सगळ्यात वरचा बिट १ असेल तर ड्राईव्ह म्हणतोय माझ्यावर लिहू नका, ० असेल तर लिहा. बस, एवढंच. म्हणजे हे ड्राईव्हने स्वतःबद्दल दिलेलं उत्तर आहे, ते खरं आहे का हे कोणी तपासत नाही. सिस-ब्लॉकमधली आरओ नावाची फाइल, एलएसब्लॉकमधला आरओ कॉलम, ब्लॉकडेव्ह गेटआरओ हे सगळे कर्नलने मांडलेला एकच खुणेचा आकडा वाचतात आणि तो आकडा त्या उत्तरावरून, नाहीतर मी दिलेल्या सेटआरओवरून ठरतो. चार वेगवेगळ्या आज्ञा देऊन चार वेळा ० आलं म्हणजे चार साक्षीदार मिळाले असं होत नाही, साक्षीदार एकच.

मग लिहून बघितलं. डीडी या कॉपी करणाऱ्या आज्ञेने एक छोटी फाइल, शेवटी एफसिंक, म्हणजे मेमरीत ठेवू नको, खरंच ड्राईव्हपर्यंत पोचव असं सांगून. एरर नाही. वाचली, आली. अनमाउंट करून ड्राईव्ह हाताने उपसून काढला, दहा मोजले, परत लावला. फाइल नाही. मग सरळ फॉरमॅट केला, फॉरमॅट यशस्वी. काढला, लावला, शनिवारच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा. शेवटी परत पूर्ण इमेज काढून हॅश काढला आणि वहीतल्याशी ताडून बघितला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तोच. फॉरमॅट करून, फाइली लिहून, खोडून सुद्धा १६ जीबीमधला एक बिट हलला नव्हता. ते दोन हॅश एकाखाली एक बघितल्यावर माझ्या मनातली उरलीसुरली शंका गेली.

असं का होतं

पेनड्राईव्हमधल्या नँड फ्लॅशवर, म्हणजे त्याच्या मेमरी चिपवर, कागदावर खोडून लिहितो तसं लिहिता येत नाही. लिहायचं एका पानावर, पण पुसायचं तर असंख्य पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्याने तो थोडा झिजतो. जुन्या एसएलसी प्रकारच्या फ्लॅशचा ब्लॉक लाखभर वेळा पुसला तरी चालायचा, आताच्या स्वस्त पेनड्राईव्हमधलं टीएलसी प्रकारचं फ्लॅश हजारच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळात थकतं. म्हणून आत एक कंट्रोलर चिप असते, ती नवीन लिखाण दर वेळी वेगळ्या ब्लॉकवर टाकते आणि कुठलं काय कुठे आहे याचा नकाशा सांभाळते. जमिनीचा मालक बदलला की सात-बारासाठी फेरफार नोंदवावा लागतो तसं, जमीन तीच पण नोंद बदलली नाही तर जुन्याच मालकाचं नाव दिसत राहतं. राखीव ब्लॉक संपले किंवा नकाशाच नव्याने साठवता येईना, तर पुढचं लिखाण कायमचं होऊच शकत नाही.

अशा वेळी चांगला कंट्रोलर काय करतो तर सरळ हात वर करतो, मोड सेन्समधला तो बिट १ करतो, लिहायला गेलं की नकार देतो, आणि वापरणाऱ्याला राईट प्रोटेक्टेड असा मेसेज दिसतो. लोक त्या मेसेजला शिव्या घालतात, तो घालवायचे उपाय शोधत बसतात, पण माझं स्पष्ट मत आहे की तो मेसेज म्हणजे मरता मरता ड्राईव्हने केलेला उपकार आहे: अजून वाचता येतंय, काढून घ्या. भाऊसाहेबांच्या ड्राईव्हने तो उपकार केला नाही. तो प्रत्येक लिखाणाला हो म्हणत राहिला, आणि ड्राईव्ह लावलेला असेपर्यंत विंडोज वाचताना स्वतःच्या मेमरीतली ताजी प्रत दाखवत राहिलं, म्हणून फाइल बंद करून परत उघडली तरी मार्क दिसायचे. वीज गेली की सगळं शनिवारवर. भाऊसाहेब रोज संध्याकाळी पेनड्राईव्ह नीट इजेक्ट करून, काढून, कपाटात आणि बुधवारपासून खिशात ठेवायचे, म्हणजे काम बरोबर करायचे, आणि त्यांचं काम त्याच क्षणी जायचं.

स्क्रिप्टमध्ये काय चुकलं होतं

एक चूक तर या केसशी थेट संबंध नसलेली पण भयंकर होती. डिस्कपार्टला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात. शाळेच्या साध्या अकाउंटवरून स्क्रिप्ट चालवली की डिस्कपार्टचा मजकूर यायचाच नाही, मजकुरात येस सापडायचा नाही, आणि माझी स्क्रिप्ट म्हणायची लॉक नाही. म्हणजे तपासताच आलं नाही याला ती सगळं ठीक म्हणत होती! कितीतरी वेळा मी हे उत्तर लोकांना सांगितलं असेल. आता स्क्रिप्ट तीन उत्तरं देते, लॉक आहे, नाही, आणि तपासता आलं नाही, आणि तिसरं आलं की लाल रंगात थांबते, पुढे जातच नाही.

दुसरी, डिस्कपार्ट रीड-ओन्लीच्या दोन वेगळ्या ओळी देतं हे मी कधी लक्ष देऊन वाचलंच नव्हतं. एक ओळ करंट रीड-ओन्ली स्टेट, दुसरी नुसती रीड-ओन्ली. दुसरी म्हणजे विंडोजने त्या डिस्कला लावलेला शिक्का, तो अ‍ॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्लीने पुसता येतो. पहिली म्हणजे प्रत्यक्षात आत्ता काय परिस्थिती आहे. पहिली येस आणि दुसरी नो असेल तर अडथळा शिक्क्याचा नाही, दुसऱ्या कशाचा तरी आहे, ड्राईव्हवरचं बटण म्हणा, कंट्रोलर म्हणा. तिथे क्लिअर रीडओन्ली शंभर वेळा मारा, दर वेळी यशस्वी झालं असं छापून येईल आणि पहिली ओळ येसच राहील. इंटरनेटवर बघून लोक नेमकं हेच करत बसतात आणि कंटाळून डिस्कपार्टमध्येच क्लीन मारतात, त्यात एखाद्याने डिस्कचा नंबर चुकवला तर पेनड्राईव्हऐवजी हार्ड डिस्क साफ. म्हणून आता माझी स्क्रिप्ट पॉवरशेलमध्ये, विंडोजच्या नव्या स्क्रिप्ट-भाषेत, आहे, गेट-डिस्कने फक्त बसटाईप यूएसबी असलेल्याच डिस्क घेते, नाव आणि साईज दाखवून विचारते हीच ना, आणि बदल काहीच करत नाही. तपासणाऱ्या स्क्रिप्टने दुरुस्ती करू नये, ही दोन कामं वेगळी असावीत असं माझं ठाम मत झालंय.

तिसरी, एररचा नंबर न बघणं. लिहायला गेल्यावर विंडोज नकार देतं तेव्हा १९ नंबर म्हणजे राईट प्रोटेक्ट, ५ म्हणजे परवानगी नाही, ११२ म्हणजे जागा संपली. ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे ऑफिसने सगळ्या पीसींना लावलेल्या नियमांतून, रिमूव्हेबल डिस्कला लिहायची बंदी घातलेली असेल तर १९ येत नाही, ५ येतो, आणि माणूस फाइलच्या परवानग्या तपासत बसतो. बँकांच्या किंवा मोठ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर हमखास हाच प्रकार असतो, तिथे पेनड्राईव्हचा काही दोष नसतो आणि ती बंदी आपण काढायची पण नसते. जाता जाता, कॅमेऱ्याच्या एसडी कार्डाच्या बाजूला जी सरकपट्टी असते तिची पण अशीच गंमत आहे, कार्डाला स्वतःला त्या पट्टीचा पत्ता नसतो, कार्ड रीडरमधला बारीक स्विच ती बघतो. गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याची तीन कार्डं एकदम लॉक झाली होती तेव्हा दोष रीडरचा निघाला, कार्डं धडधाकट.

आणि चौथी चूक, जी या प्रकरणाचं मूळ: स्क्रिप्ट फक्त विचारत होती. लिहून, वीज तोडून, परत वाचून बघत नव्हती.

आताची स्क्रिप्ट

ती दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात काहीही लिहायचं नाही, रजिस्ट्रीची की, पॉलिसी, डिस्कपार्टच्या दोन्ही ओळी, आणि ड्राईव्हवरची सगळ्यात नवी फाइल कुठल्या तारखेची आहे ते. ही शेवटची गोष्ट माझी स्वतःची भर आहे आणि मला ती सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण रोज वापरातल्या ड्राईव्हवर सगळ्यात नवी फाइल पाच दिवसांपूर्वीची असेल तर समोरच्याला लगेच विचारता येतं की काल काय सेव्ह केलं होतं. मग स्क्रिप्ट विचारते, डेटा दुसरीकडे घेतला का, आणि हो असं पूर्ण टाइप केल्याशिवाय पुढे जात नाही. नुसतं एंटर दाबून पुढे जाता येऊ नये हे मुद्दाम केलं, घाईत सगळे एंटरच दाबतात.

दुसऱ्या टप्प्यात एक छोटी फाइल लिहिली जाते, आत तारीख, वेळ आणि एक भलामोठा रँडम आकडा. फाइल उघडतानाच राईटथ्रू सांगायचं, शेवटी फ्लश ट्रू, आणि वरून राईट-व्हॉल्यूमकॅश, म्हणजे विंडोजच्या बाजूला काही शिल्लक राहत नाही. तोच आकडा सी ड्राईव्हवर पण ठेवायचा. मग स्क्रिप्ट सांगते इजेक्ट करा आणि हाताने काढा. नुसतं इजेक्ट पुरत नाही, कारण इजेक्ट झालेल्या ड्राईव्हला पोर्टमधून वीज मिळत राहू शकते आणि त्याच्या पोटातल्या तात्पुरत्या गोष्टी तशाच राहतात. परत लावल्यावर आकडा जुळला तर लिहिलेलं टिकलं, नाही तर नाही.

इथे एक अडचण आली जी आधी सुचली नव्हती. परत लावल्यावर ड्राईव्हचं अक्षर बदलू शकतं, ई चं एफ होतं, मग आपलाच ड्राईव्ह कुठला ते ओळखायचं कसं? मी आधी लिहिलं होतं की ज्या ड्राईव्हवर चाचणीची फाइल असेल तो. पण खराब ड्राईव्हवर ती फाइल नसणारच, तेच तर शोधायचंय, त्यामुळे स्क्रिप्ट वाट बघत बसून राहिली. आता व्हॉल्यूमचा सीरियल नंबर आधीच टिपून ठेवते, व्हॉल आज्ञा दिली की दिसतो तो, फॉरमॅट केल्याशिवाय तो बदलत नाही.

एवढ्या सगळ्यानंतरही ही चाचणी सगळं पकडत नाही. कमी जागेवर जास्त जागा दाखवणारे नकली ड्राईव्ह असतात, ते सुरुवातीच्या भागात नीट लिहितात आणि पुढे खरी जागा संपली की लिहिलेलं हरवतं, त्यासाठी पूर्ण ड्राईव्ह भरून वाचावा लागतो, एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ ते करतं. ते वेळखाऊ आहे पण नवीन ड्राईव्ह विकत घेतल्यावर एकदा करावंच.

शाळेचं पुढे काय झालं, तर शनिवारपर्यंतचा सगळा डेटा इमेजमधून मिळाला, त्यानंतरचा मिळणार नव्हता कारण तो कुठे लिहिलाच गेला नव्हता. भाऊसाहेबांनी शुक्रवारी आणि शनिवारी बसून तिन्ही तुकड्या परत भरल्या, या वेळी फाइल पीसीच्या हार्ड डिस्कवर आणि संध्याकाळी दोन वेगळ्या पेनड्राईव्हवर कॉपी. लॅबच्या मॅडमनी मार्क वाचून दाखवायला मदत केली. मी हेडसरांना जाऊन भेटलो आणि दोन्ही हॅश लिहिलेलं वहीतलं पान दाखवलं. हॅश म्हणजे काय ते त्यांना दोन मिनिटांत समजलं, म्हणाले म्हणजे पेनड्राईव्हच्या अंगठ्याचा ठसा, आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर भाऊसाहेबांना म्हणाले की तुमचं काम झालेलं होतं. प्रिंटरवाला पीसी सोडून लॅबच्या बाकी पीसींवर ती रजिस्ट्रीची की अजून आहे, असायलाच पाहिजे, पण आता प्रत्येक मॉनिटरवर चिठ्ठी आहे की इथून पेनड्राईव्हवर सेव्ह होत नाही.

राहिला तो पेनड्राईव्ह. वॉरंटीत बदलून मिळेल असं एकाने सुचवलं, मी नको म्हणलं. त्याच्यावर मुलांची नावं, पत्ते, जन्मतारखा, दाखल्यांच्या फाइली आहेत आणि त्या कोणालाच पुसता येत नाहीत, फॉरमॅट करून दिला तरी ज्याच्या हातात पडेल त्याला सगळं वाचता येईल. मी फोडून टाकायला सांगणार होतो, पण मग त्याचा एक उपयोग लक्षात आला आणि हेडसरांच्या परवानगीने तो लाल दोरा बांधून ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवलाय. स्क्रिप्टमध्ये काही बदल केला की मी शाळेत जातो, भाऊसाहेब चहा सांगतात, कुलूप काढून ड्राईव्ह हातात देतात आणि शेजारी उभं राहून बघतात. स्क्रीनवर लिहिलेलं टिकलं नाही असं लाल अक्षरात आलं की मगच ती नवी स्क्रिप्ट मी दुसऱ्या शाळांच्या पीसींवर टाकतो.